पक्ष सुटता सुटत नाही

बचत गटाच्या बैठकीत, शेताच्या बांधावर, एसटीच्या थांब्यावर आपण राजकारणाबद्दल बोलतो तेव्हा बोलणं बहुतेक वेळा एकाच गोष्टीवर येतं. अमका पक्ष सोडून गेला, तमक्यानं उडी मारली. मग आपण म्हणतो, सगळे सारखेच, ज्याची सत्ता त्याच्याकडे हे. उड्या मारणारे आहेत, हे खरंच आहे. पण उडी मारणाऱ्याची बातमी होते आणि जागेवर बसून राहणाऱ्याची होत नाही. प्रत्येक गावात, प्रत्येक पेठेत अशी माणसं आहेत, ज्यांना तीस-तीस वर्षांत ना तिकीट मिळालं, ना कुठली समिती. सभेच्या आधी सतरंज्या अंथरायच्या आणि सभा संपली की झटकून, घडी करून उचलायच्या, एवढंच त्यांच्या वाट्याला आलं. तरी त्यांना कुणी म्हटलं, "आता तरी सोडा हा पक्ष," तर त्यांना राग येतो. असं का होतं? हाच आजच्या बोलण्याचा विषय.

यासाठी आम्ही पुणे शहराचा इतिहास निवडला. एक तर हे शहर आपल्या जिल्ह्याचं ठिकाण. दुसरं म्हणजे इथं गेल्या सव्वाशे वर्षांत जवळजवळ सगळ्या विचारांचे पक्ष नांदले, फुटले, पुन्हा जुळले. आपल्या ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. पण पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला चिन्ह लागतं, आणि तिथे उभी राहणारी बाई उद्या तुमच्यातलीच असू शकते. म्हणून हे नातं कशानं जुळतं, हे समजून घेऊ या.

सुरुवात मांडवापासून करू. १८९३ पासून लोकमान्य टिळकांनी सार्वजनिक गणेशोत्सवाला जोर दिला. पुण्याच्या पेठापेठांतून मंडळं उभी राहिली. त्याआधीपासूनच्या तालमी होत्याच. पुण्यातला नगरसेवक पुढे कोणत्याही पक्षाचा होवो, त्याची पहिली शाळा पुष्कळदा मंडळाची असते. तिथे पोरगा काय शिकतो? दारोदार जाऊन वर्गणी मागायला, नकार पचवायला, रात्र रात्र जागायला, भांडण मिटवायला. पक्षाचं धोरण त्यानं वाचलेलं नसतं. आधी तो माणसांना बांधला जातो. मंडळातला जो मोठा भाऊ म्हणेल, "चल, आज आपल्याला चिठ्ठ्या वाटायच्यात," त्याच्यामागे तो जातो. पक्ष त्याच्या आयुष्यात येतो तो असा, ओळखीच्या माणसाचा हात धरून.

पण नुसत्या ओळखीनं माणूस तीस वर्षं टिकत नाही. टिकवणारी गोष्ट निराळी आहे, आणि ती इतिहासात दिसते.

ऑगस्ट १९४२. "चले जाव"ची हाक आली. मुंबईत पकडलेल्या गांधीजींना आणि पाठोपाठ कस्तुरबांना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवलं. शहरातल्या काँग्रेस भवनावर तिरंगा लावायला निघालेला नारायण दाभाडे हा कोवळ्या वयाचा मुलगा पोलिसांच्या गोळीनं मारला गेला. आगाखान पॅलेसमध्ये १५ ऑगस्ट १९४२ ला महादेवभाई देसाई गेले आणि २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबा. दोघांच्या समाध्या तिथेच आहेत.

ज्यांनी हे दिवस पाहिले, त्यांच्यासाठी काँग्रेस भवन ही नुसती दगडी इमारत उरली नाही. त्या जागेवर आपल्या माणसाचं रक्त सांडलं होतं. पुढे त्याच पक्षाचे पुढारी चुकले, भांडले, तरी त्या पिढीतल्या कित्येकांचा पाय दुसऱ्या पक्षाच्या उंबऱ्याकडे वळला नाही. घरातलं माणूस ज्या जागी गेलं ती जागा आपण विकत नाही, तसंच हे.

आता दुसरा माणूस पाहू. केशवराव जेधे. शुक्रवार पेठेतल्या जेधे मॅन्शनमधले हे गृहस्थ ब्राह्मणेतर चळवळीचे पुढारी. १९२५ मध्ये पुणे नगरपालिकेत महात्मा फुल्यांचा पुतळा उभारण्याचा प्रश्न निघाला आणि मोठा वाद झाला. त्याच काळात "देशाचे दुश्मन" हे दिनकरराव जवळकरांचं पुस्तक निघालं. त्यावरून खटला झाला. जवळकर आणि जेधे दोघांवर आरोप होते. अपिलात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली आणि ते सुटले.

तेव्हा काँग्रेस म्हणजे पुण्यात ब्राह्मणांचा पक्ष, असं जेधे मानत. तेच जेधे १९३० च्या सत्याग्रहाच्या काळात काँग्रेसमध्ये गेले. काकासाहेब गाडगीळ आणि जेधे ही जोडी जमली आणि खेड्यापाड्यातला बहुजन समाज काँग्रेसकडे वळला. स्वातंत्र्य आलं तेव्हा जेध्यांना वाटलं, शेतकऱ्याचं कुणी ऐकत नाही. ते बाहेर पडले आणि सहकाऱ्यांबरोबर शेतकरी कामगार पक्ष उभा केला. १९५४ मध्ये ते पुन्हा काँग्रेसमध्ये आले. आणि ६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली, तिच्या उभारणीत पुन्हा जेधे पुढे होते.

आजच्या हिशेबानं कुणी म्हणेल, हा तर पक्ष बदलणारा माणूस. पण नीट पाहा. सत्यशोधक विचार, बहुजनांचा प्रश्न, मराठी मुलूख एक व्हावा ही इच्छा, या गोष्टी त्यांनी सोडल्या नाहीत. त्यांचं मन ज्या प्रश्नात गुंतलं होतं, त्या प्रश्नाला जिथे जागा मिळेल तिथे ते गेले. म्हणून निष्ठा मोजताना चिन्हाबरोबर हेही पाहावं लागतं, की माणूस गेला तो कशासाठी गेला, आणि जाताना काय बरोबर घेऊन गेला.

समाजवाद्यांची गोष्ट याच्या उलटी. त्यांचा पक्षच इतक्या वेळा मोडला की मोजता मोजता बोटं संपावीत. १९४८ ला काँग्रेसबाहेर पडून समाजवादी पक्ष झाला, १९५२ ला प्रजा समाजवादी, १९५५ ला लोहिया वेगळे झाले, १९६४ ला संयुक्त समाजवादी, १९७७ ला सगळे जनता पक्षात. पुण्याच्या लोकांनी यांना भरभरून मतंही दिली. १९५७ ला ना. ग. गोरे पुण्याचे खासदार झाले, १९६७ ला एस. एम. जोशी झाले. गोरे पुण्याचे महापौरही होते.

याच परंपरेतले भाई वैद्य. लहानपणी राष्ट्र सेवा दलात आले. १९५५ च्या गोवा सत्याग्रहात गेले. १९७४ ला पुण्याचे महापौर झाले. आणीबाणीत तुरुंगात गेले. १९७८ नंतर राज्यात गृहराज्यमंत्री होते. पुढे जनता पक्ष फुटला, त्याच्या फांद्याही वाळल्या. पण २०११ मध्ये, वयाची ऐंशी ओलांडल्यावर, देशभरातल्या मूठभर जुन्या सोबत्यांनी पुन्हा सोशालिस्ट पार्टी नावाचा पक्ष काढला आणि त्याचे पहिले अध्यक्ष झाले भाई वैद्य. सत्ता मिळण्याची तिळभरही आशा नव्हती. २ एप्रिल २०१८ ला ते गेले, तोपर्यंत सर्वांना मोफत शिक्षण मिळावं म्हणून बोलत राहिले.

हे कशाच्या बळावर? आम्हाला वाटतं, सेवा दलाच्या शाखेवर एकत्र म्हटलेली गाणी, एकत्र खाल्लेल्या लाठ्या, एकत्र भोगलेला तुरुंग, हे सगळं पक्षाच्या नावापेक्षा जास्त टिकलं. नाव मोडलं तरी सोबत मोडली नाही.

याच वळणाचे पण निराळ्या वाटेनं गेलेले डॉ. बाबा आढाव. तेही समाजवादी, तेही पुण्याचे नगरसेवक. पण पुढे त्यांनी निवडणुकीचं राजकारण सोडलं आणि हमाल पंचायतीत, "एक गाव एक पाणवठा"च्या कामात आयुष्य घातलं. पक्ष सुटला, पण हमालाच्या पाठीवरचं ओझं त्यांनी नजरेआड होऊ दिलं नाही.

आता येरवड्याच्या तुरुंगात जाऊ. जून १९७५ ते मार्च १९७७ आणीबाणी होती. त्या तुरुंगात समाजवादी होते, जनसंघाचे आणि संघाचे कार्यकर्ते होते, इतरही होते. बाहेर एकमेकांचं तोंड न पाहणारी माणसं आत एका रांगेत जेवणाला बसली. बायकांच्या बराकीत प्रमिला दंडवते होत्या. त्यांचे पती मधू दंडवते दूर बंगळूरच्या तुरुंगात. नवरा-बायको दोघं दोन राज्यांतल्या दोन तुरुंगांत आणि मध्ये फक्त पत्रं.

जनसंघाच्या आणि नंतरच्या भारतीय जनता पक्षाच्या पुण्यातल्या जुन्या कार्यकर्त्यांचं पक्षाशी नातं असंच घट्ट झालं. १९५७ ला मावळातून निवडून आलेले रामभाऊ म्हाळगी हे जनसंघाचे सुरुवातीचे आमदार. आपल्या कामाचा अहवाल मतदारांना देण्याची त्यांची रीत जुनी माणसं अजून सांगतात. तेव्हा त्या पक्षाला सत्ता दूरच, अनामत रक्कम राखणंही ठिकठिकाणी अवघड जाई. अशा दिवसांत जो सोबत राहिला, त्याला पुढे पक्ष मोठा झाल्यावर वाटतं, हे घर मी बांधलंय. गिरीश बापट आणीबाणीत तुरुंगात होते, पुढे नगरसेवक झाले, १९९५ पासून पाच वेळा कसब्याचे आमदार आणि २०१९ ला खासदार. फेब्रुवारी २०२३ मध्ये कसब्याची पोटनिवडणूक लागली तेव्हा ते फार आजारी होते. नाकाला प्राणवायूची नळी, बसायला चाकाची खुर्ची, तरी ते कार्यकर्त्यांच्या मेळाव्याला आले. २९ मार्चला ते गेले.

त्याच कसब्याच्या मुक्ता टिळक. २०१७ ला त्या पुण्याच्या महापौर झाल्या, भाजपच्या इथल्या पहिल्या महापौर. लोकमान्यांच्या घराण्यातल्या सूनबाई. गंमत पाहा, याच घराण्यातले जयंतराव टिळक काँग्रेसचे मोठे नेते होते. म्हणजे पक्ष रक्तातून येतो असं म्हणतात, तेही पुरतं खरं नाही. मुक्ताताई २०१९ ला आमदार झाल्या. कर्करोगानं त्या खंगल्या होत्या. जून २०२२ मध्ये राज्यसभेच्या आणि मग विधान परिषदेच्या मतदानाला त्या रुग्णवाहिकेतून मुंबईला गेल्या. दोनदा. डिसेंबरमध्ये त्यांचं निधन झालं. पोटनिवडणुकीत पक्षानं उमेदवारी घराबाहेर दिली, त्यावर शहरात पुष्कळ चर्चा झाली, आणि १९९५ पासून हातात असलेली ती जागा पक्षानं गमावली.

ही गोष्ट आम्ही कुणाला बरं किंवा वाईट ठरवायला सांगत नाही. तिला दोन बाजू आहेत. एक बाजू अशी की एका बाईनं दिलेला शब्द शेवटपर्यंत पाळला. त्याला आपण मान देऊ. दुसरी बाजू अशी, की इतक्या आजारी बाईला इतक्या लांब जावं लागलं. निष्ठा देणाऱ्याची असते, पण तिचा हिशेब घेणाऱ्यानंही ठेवायचा असतो.

इथे आम्हाला जे सांगायचं आहे ते आलं. पक्षानं ज्याला जास्त दिलं तो पक्षाशी जास्त बांधला जातो, असं आपल्याला वाटतं. इतिहास बघता उलटं दिसतं. ज्यानं पक्षाला जास्त दिलं तो जास्त बांधला जातो. पद मिळालेला माणूस पद गेलं की मोकळा होतो. तुरुंग भोगलेला, रात्री जागलेला, खिशातले पैसे घातलेला माणूस मोकळा होऊ शकत नाही, कारण पक्ष सोडणं म्हणजे स्वतःच्या आयुष्याची वीस वर्षं टाकून देणं.

कायद्यानं हे बांधणं जमत नाही. १९८५ ला देशात पक्षांतरबंदी आली. १९८६ ला महाराष्ट्रानं महापालिका, जिल्हा परिषदा यांच्या सदस्यांसाठी वेगळा कायदा केला. त्यानं सदस्यपद जाण्याची भीती आली, मनाचं काय? १९९९ ला काँग्रेसमधून राष्ट्रवादी काँग्रेस निघाली. २०२२ ला शिवसेना फुटली आणि २०२३ ला राष्ट्रवादी. चिन्हं इकडची तिकडे गेली. मोठ्या नेत्यांनी एका दिवसात बाजू ठरवली. पण गल्लीतल्या कार्यकर्त्याला आठवडेच्या आठवडे झोप लागली नाही. ज्याच्यासोबत पंचवीस वर्षं भिंती रंगवल्या, तो मित्र समोरच्या गटात. कुणाच्या लग्नाला जायचं, कुणाच्या मयताला खांदा द्यायचा, इथपर्यंत प्रश्न. वाटणीत घर दोन भावांचं होतं, पण चूल मांडली ती म्हातारी कुणाकडे राहणार, तसं त्यांचं झालं.

आता आपल्याकडे वळू. ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीनं १९९३ पासून स्थानिक संस्थांत बायकांना एक तृतीयांश जागा आल्या. २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या. २०१७ ला पुणे महापालिकेच्या १६२ जागांपैकी ८१ बायकांच्या होत्या. जागा तर आल्या. पण बाईचा पक्ष कोणता?

खरं बोलू या. लग्नाआधी बापाचा पक्ष तो आपला. लग्नानंतर सासरचा. आडनाव बदललं तसं चिन्हही बदललं. सभेला गर्दी हवी म्हणून ट्रॉलीत बसून गेलो, हळदीकुंकवाला साडी मिळाली, मेळाव्याच्या भाकरी आपण थापल्या, प्रचारात दारोदार आपण फिरलो. हे सगळं देणंच आहे. सतरंज्या उचलण्याइतकंच देणं. फक्त हे कुणी मोजत नाही, आणि आपणही मोजत नाही. मग जागा बाईसाठी राखीव निघाली की तिकीट कुणाच्या तरी बायकोला, सुनेला, वहिनीला मिळतं. वर्षानुवर्षं राबलेली कार्यकर्ती घरीच राहते. त्यातूनही निवडून आलेली कितीतरी बायका मेहनतीनं कारभार शिकल्या आणि उत्तम करतात, हेही तितकंच खरं.

आणि एक धोका. जास्त दिलेला माणूस बांधला जातो, तसा तो गप्पही बसतो. इतकं केलं त्यावर पाणी पडेल, म्हणून चुकीचं दिसलं तरी बोलत नाही. हे आपल्याला संसारातून चांगलं ठाऊक आहे. सोसलं म्हणून सोडवत नाही, आणि सोडवत नाही म्हणून पुन्हा सोसायचं. पक्षाच्या बाबतीत हे होऊ द्यायचं नसेल, तर निष्ठा आणि गप्प बसणं या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात.

ते जमतं, याचा दाखला आपल्याच बायकांनी दिलाय. १९७२ मध्ये मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती निघाली. त्यात मृणाल गोरे समाजवादी, अहिल्या रांगणेकर कम्युनिस्ट, प्रमिला दंडवते समाजवादी. पक्ष वेगळे, झेंडे वेगळे. कुणीही आपला पक्ष सोडला नाही. पण तेल, रॉकेल आणि धान्यासाठी हजारो बायका लाटणी-थाळ्या घेऊन एकत्र रस्त्यावर आल्या. पक्षावरचं प्रेम त्यांनी जपलं आणि रिकाम्या डब्याचा प्रश्न त्याच्याही वर ठेवला. त्यासाठीच लोक त्यांना आजही नावानिशी ओळखतात.

तर मैत्रिणींनो, येत्या बैठकीत हप्ते भरून झाले की थोडा वेळ काढा आणि या प्रश्नांवर बोला.

आपल्या गावात कोणत्या बाईनं पक्षासाठी सर्वांत जास्त वर्षं काम केलंय? तिला कधी कुणी विचारलं का, तुला उभं राहायचंय?

आपण ज्या पक्षाचं काम करतो, तो आपण निवडला की तो लग्नात मिळाला?

पाणी, रेशन, दवाखाना, मुलींच्या शाळेची एसटी, यांतला कोणता प्रश्न असा आहे, ज्यासाठी गटातल्या वेगवेगळ्या पक्षांच्या बायका एका रांगेत उभ्या राहतील?

पक्षात राहायला हरकत नाही. मन लावून राहा. नुसती बाजू पाहून बदलणाऱ्यांपेक्षा मन लावणारी माणसं कधीही बरी. फक्त आपण काय देतो त्याची वहीत नोंद ठेवा, बचतीची ठेवतो तशी. आणि मागायची वेळ आली की ती वही उघडायला लाजू नका.